शिस्त सभागृहाची, शिक्षा मतदारसंघाला

५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेने भारतीय जनता पक्षाच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधीच्या ठरावावरून सभागृहात गदारोळ झाला होता. तालिका अध्यक्षांना अध्यक्षांच्या दालनात शिवीगाळ व धक्काबुक्की केल्याचा आरोप या सदस्यांवर होता, आणि त्यांनी तो नाकारला होता. आरोपाचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला, तरी एक प्रश्न उरतो. शिस्तीसाठी सदस्याला किती काळ सभागृहाबाहेर ठेवता येते?

लोकसभेच्या नियमांत शिस्तीच्या उपायांची एक चढती भाजणी आहे. आक्षेपार्ह शब्द नियम ३८० नुसार कामकाजातून काढून टाकता येतात. सदस्याचे वर्तन फारच बेशिस्त असेल, तर नियम ३७३ नुसार अध्यक्ष त्याला त्या दिवसापुरते बाहेर जायला सांगतात. त्यानेही भागले नाही, तर नियम ३७४ येतो. अध्यक्ष सदस्याचे रीतसर नाव घेतात, प्रस्ताव मांडला जातो आणि सभागृह फार तर उरलेल्या अधिवेशनापुरते त्याला निलंबित करते. २००१ साली आलेल्या नियम ३७४-अ नुसार, अध्यक्षांच्या आसनासमोरील मोकळ्या जागेत उतरून गोंधळ घालणाऱ्या सदस्याचे नाव अध्यक्षांनी घेताच तो सलग पाच बैठका किंवा उरलेले अधिवेशन, यांपैकी जो काळ कमी असेल तेवढा, आपोआप निलंबित होतो. महाराष्ट्र विधानसभेचा नियम ५३ याच वळणाचा आहे. पहिल्यांदा तो दिवस, त्याच अधिवेशनात पुन्हा तसे घडल्यास उरलेले अधिवेशन.

यातली कोणतीही पायरी अधिवेशनाच्या पलीकडे जात नाही, कारण हेतू सूड घेण्याचा नसून खोळंबलेली चर्चा पुढे चालू करण्याचा आहे.

निलंबित आमदार सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१२ नुसार विधिमंडळाच्या कामकाजातील पद्धतीच्या त्रुटींत न्यायालय लक्ष घालत नाही. मात्र कृती मुळातच घटनाबाह्य असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य व अतार्किक ठरवले. ते पावसाळी अधिवेशन अवघे दोन दिवसांचे होते.

वर्षभराचे निलंबन हकालपट्टीहूनही वाईट, असे न्यायालयाने म्हटले. हे ऐकायला उलटे वाटते, पण हिशेब सरळ आहे. आमदाराला काढून टाकले, तर जागा रिकामी होते आणि सर्वसाधारणपणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबनात जागा भरलेलीच राहते, मात्र तिथला आमदार बोलू शकत नाही, प्रश्न विचारू शकत नाही, मतही देऊ शकत नाही. गैरवर्तनाचा आरोप एका माणसावर असतो आणि प्रतिनिधी गमावतो त्याचा अख्खा मतदारसंघ.

या निकालाने निलंबनाच्या काळाला मर्यादा घातली. पण एका वेळी किती सदस्य बाहेर काढावेत, याला नियमांत मर्यादा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये, संसदेच्या सुरक्षेत झालेल्या त्रुटीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे या मागणीवरून गोंधळ झाला आणि दोन्ही सभागृहांतील १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले. त्यांत लोकसभेचे १०० आणि राज्यसभेचे ४६ होते. भारतीय दंड संहितेची जागा घेणाऱ्या विधेयकासह तीन फौजदारी विधेयके त्याच अधिवेशनात, बहुतेक विरोधी बाके रिकामी असताना, संमत झाली. तेव्हा सभागृहात शांतता होती, पण चर्चेतली दुसरी बाजू जवळजवळ उरली नव्हती.

गोंधळ घालणे हा सदस्याचा हक्क नाही. फलक फडकावून कामकाज बंद पाडणाराही आपल्या मतदारांचा वेळ वाया घालवतोच. म्हणून अध्यक्षांच्या हाती अधिकार हवेत. ते योग्य रीतीने वापरले की नाही, हे मात्र गोंगाट थांबला की नाही एवढ्यावरून ठरवता येत नाही. कारवाईनंतर त्या विषयावर दोन्ही बाजूंनी बोलणे झाले का, हे पाहावे लागते.