घोड्याचा डबा!

“तोंडात तोबरा भरून बोलू नकोस!” आई ओरडते ना असं? पण तोबरा म्हणजे काय, ठाऊक आहे? घोड्याचा डबा! भिजवलेल्या हरभऱ्याची पिशवी थेट त्याच्या तोंडाला बांधायची. ना ताट, ना वाटी!

शिवाजी महाराजांच्या घोडदळात असे हजारो घोडे होते. पण ते होते कोणाचे? इथेच तर गंमत आहे! स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतून घोडा मिळणारा तो बारगीर.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग! मग शिलेदाराचाच तोरा जास्त असणार, नाही का? चूक! महाराजांचा जास्त भर बारगिरांवर. मला विचारशील तर कारण सोपं आहे. बॅटवाला रुसला की बॅट बगलेत मारून घरी! शाळेची बॅट मात्र शाळेतच राहते.

25 बारगिरांवर एक हवालदार, म्हणजे वर्गाचा मॉनिटरच. आणि ओळख पाहू, त्या 25 जणांच्या दिमतीला आणखी कोण? एक पखालजी आणि एक नालबंद! पखालजी चामड्याच्या पखालीतून पाणी आणायचा. नालबंद घोड्याच्या खुरांना लोखंडी नाल खिळ्यांनी ठोकायचा. बाप रे, खिळे? घाबरू नकोस! खुराची कड आपल्या नखासारखी असते. नखं कापताना दुखतं का?

तिकडे युरोपात तर आणखीच मजा! तिथले ड्रॅगून शिपाई घोड्यावरून यायचे आणि खाली उतरून बंदुकीनं लढायचे. सायकलवरून मैदान गाठायचं, पण कबड्डी पायांवरच खेळायची, तसं!

आता परत महाराष्ट्रात येऊ! शिरोळ गावाहून कुरुंदवाड जवळच आहे. तिथल्या घाटावर मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी दाखवतात. या संताजींनी 1695 मध्ये, आजच्या कर्नाटकातल्या दोड्डेरीजवळ, मुघल सरदार कासिमखानाला गाठलं. आपल्या फौजेच्या तीन तुकड्या केल्या. एक लढायला, एक खानाच्या सामानावर झडप घालायला आणि एक राखीव. अगदी सामन्यातल्या राखीव खेळाडूंसारखी!

खान दोड्डेरीच्या गढीत शिरला. बाहेर मराठ्यांचा वेढा! आत दाणा संपला, चारा संपला. तोबरे रिकामे! त्या काळच्या लिखाणात म्हटलंय, की भुकेली जनावरं गवत समजून एकमेकांच्या शेपट्या चावू लागली!