घाटातले अंतर तासांत मोजा

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, नागपूरकडच्या गाड्यांची परतवाड्यात गर्दी होते. चहा-नाश्ता आटोपून काही गाड्या चिखलदऱ्याचा घाट चढू लागतात, काही सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे निघतात. मोबाइलच्या नकाशावर हे अंतर फार वाटत नाही. पण काही वळणे मागे पडली की रेंज जाते, दाट धुके उतरते आणि पुढचे गाव किती लांब आहे, हे सांगायला रस्त्यावर कोणी नसते.

मेळघाट म्हणजे सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतला चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांचा डोंगराळ, जंगलाचा प्रदेश. चिखलदरा येथे आणि धारणीला सरकारी रुग्णालये आहेत. मात्र डोक्याला जबर मार लागलेल्या किंवा पोटात रक्तस्राव होत असलेल्या जखमीला बहुधा अमरावती गाठावी लागते. धारणीपासून ते अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. सपाटीवरच्या महामार्गावर एवढे अंतर अडीच-तीन तासांचे असते. घाट, पाऊस आणि धुके यांत ते किती तासांचे होईल, याचा नेम नाही.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात. या तासात योग्य उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यातही ही व्याख्या आली आहे. शहरात हा तास रुग्णालयात उपचारांवर खर्च होतो, तर मेळघाटात त्यातला बराचसा भाग रस्त्यावरच निघून जातो. म्हणून अशा प्रदेशात अपघात टाळण्याला अधिक महत्त्व आहे आणि अपघात झालाच, तर तेथे हजर असलेल्या माणसांनी पहिल्या दहा मिनिटांत काय केले याला.

उतारावर ब्रेकचे काय होते?

घाटातले बरेच गंभीर अपघात उतरताना होतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि परतवाडा त्याहून सुमारे ७०० मीटर खाली. दीड टन वजनाची मोटार एवढी खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिने ३० लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. ही ऊर्जा इंजिनाने आवरली नाही, तर तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये जातो.

सतत ब्रेक दाबून ठेवला की लायनर आणि ड्रम तापतात, त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. जुन्या, पाणी मुरलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि ते तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पायाखालचे पेडल एकदम मऊ लागते आणि गाडी थांबत नाही. ‘ब्रेक फेल झाला’ असे ज्याला म्हटले जाते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

यावरचा उपाय जुन्या चालकांना ठाऊक आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. ब्रेक सलग दाबून न ठेवता वेग पुरेसा कमी होईल असा दाबावा आणि सोडावा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर निवडण्याची सोय असते, ती निघण्यापूर्वीच समजून घ्यावी. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर पहिल्याच रुंद, सपाट जागी थांबून ब्रेक पूर्ण थंड होऊ द्यावेत. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देणे हा नियमच आहे.

धुके, पाणी आणि चालकाची झोप

धुक्यात हेडलाइटचा वरचा झोत लावला की तो थेंबांवर आदळून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. म्हणून खालचा झोत ठेवावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, मागच्याला गाडी वळते आहे की उभी आहे, हे कळत नाही. समोरचे काहीच दिसत नसेल तर वळणावर न थांबता, रस्त्याच्या पूर्ण बाहेर सुरक्षित जागी थांबावे.

मेळघाटात सिपना, खापरा, गाडगा अशा नद्या आणि असंख्य नाले आहेत. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही रपट्यावरून पाणी वाहू लागते. जोराने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणी उभ्या माणसाला पाडू शकते, ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटिमीटर पाण्यात मोठ्या गाड्याही टिकत नाहीत. खालचा रस्ता खचला आहे की नाही, हे गढूळ पाण्यातून दिसत नाही. डोंगरी नाल्यांचा पूर बहुधा काही तासांत ओसरतो. तेवढा वेळ थांबणे हाच खरा शहाणपणा.

रात्रीचा प्रवास तर टाळावाच. पहाटे दोन ते सहा या वेळेत शरीराच्या घड्याळानुसार झोपेचा अंमल सर्वाधिक असतो. चहा, गाणी, तोंडावर पाणी यांनी तो फार वेळ हटत नाही. आठवडाभर काम करून शुक्रवारी रात्री निघालेला चालक दारू न पिताही दारू प्यायल्यासारखाच चुकतो. अंधार पडण्यापूर्वी घाट उतरता येणार नसेल, तर वरच मुक्काम करावा.

गाडी लागणे आणि नेहमीची औषधे

घाटात चक्कर आली, मळमळले की ‘हवा विरळ झाली’ असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर सुरू होतो. ही मळमळ वळणांची असते. आतल्या कानाला शरीर हलते आहे असे जाणवते, डोळे मात्र मोबाइलवर किंवा पुढच्या सीटवर खिळलेले असतात. दोन्हीकडून मेंदूला वेगवेगळे निरोप जातात आणि गाडी लागते. पुढे बसावे, लांबवरच्या रस्त्याकडे पाहावे, काच थोडी उघडावी, पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब भरलेले नसावे. यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या अर्धा ते एक तास आधी घ्याव्यात. त्यांनी झोप येते, म्हणून चालकाने त्या घेऊ नयेत.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, फिट्स किंवा दमा असणाऱ्यांनी ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवसांची अधिक औषधे जवळ ठेवावीत. दरड कोसळली की परतीचा दिवस हातात राहत नाही. औषधे डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी असावीत. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. इन्सुलिन घेणाऱ्या चालकाने निघण्यापूर्वी साखर तपासावी, जेवण चुकवू नये, ग्लुकोज जवळ ठेवावे. घाम सुटला, हात थरथरले, गोंधळल्यासारखे झाले तर गाडी आधी बाजूला घ्यावी आणि मग साखर खावी.

पहिल्या दहा मिनिटांत

अपघात दिसला तर प्रथम स्वतःची गाडी सुरक्षित जागी लावावी आणि वळणाच्या अलीकडे कोणाला तरी उभे करावे, म्हणजे मागून येणारे वाहन त्याच जागी आदळणार नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. तो लागत नसेल तर ११२ लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली, पण दुसऱ्या एखाद्या कंपनीची असली तरी ११२ लागू शकतो. काहीच लागत नसेल तर जाणाऱ्या एसटीच्या चालक-वाहकाला किंवा दुचाकीस्वाराला निरोप द्यावा. ठिकाण नेमके सांगता यावे म्हणून किलोमीटरच्या दगडांवरचे आकडे जाता जाता पाहत राहावेत.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातले २ लिटर गेले की जीव धोक्यात येतो, आणि मोठी रक्तवाहिनी तुटली असेल तर ही वेळ काही मिनिटांतच येते. ते रक्त थांबवायला डॉक्टर लागत नाही. स्वच्छ दुपट्टा, गमछा किंवा रुमाल जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी सलग, घट्ट दाब द्यावा. थांबले का हे पाहण्यासाठी कापड सारखे उचलू नये, ते भिजले तर त्यावर दुसरे ठेवावे. हळद, माती, चहापत्ती असे काहीही भरू नये. हातापायातून उसळणारे रक्त दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, सांधा सोडून रुंद पट्टी करकचून बांधावी. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती सोडू नये.

गाडीने पेट घेतला असेल किंवा ती दरीत घसरण्याची भीती असेल, तरच जखमीला घाईने बाहेर ओढावे. एरवी मान आणि पाठ सरळ आधारात ठेवूनच हलवावे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. त्याचा श्वास चालू असेल तर मान सांभाळून त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे ओकारी किंवा रक्त श्वासनलिकेत जात नाही. अंगावर चादर घालावी, गारठ्याने रक्तस्राव वाढतो.

आणखी एक चूक वारंवार होते. उलटलेल्या गाडीतून चालत बाहेर आलेला माणूस ‘मला काही झाले नाही’ म्हणतो आणि घरी किंवा लॉजवर जाऊन झोपतो. पोटाला मुका मार लागून प्लीहा किंवा यकृत फाटले असेल, तर त्याची लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. डोक्यातल्या रक्तस्रावाचेही तसेच. पोट किंवा खांदा दुखणे, चक्कर, वारंवार उलटी, वाढती गुंगी, असंबद्ध बोलणे ही धोक्याची चिन्हे आहेत. मेळघाटात ती मध्यरात्री कळली तर फार उशीर झालेला असतो. म्हणून अशा प्रत्येकाची त्याच दिवशी, उजेड असतानाच तपासणी झाली पाहिजे.

मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती मनातून काढावी. सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे. त्याने स्वतःचे नाव, पत्ता सांगितलाच पाहिजे, अशी सक्ती करता येत नाही.

हे सगळे केवळ पर्यटकांपुरते नाही. याच रस्त्याने कोरकू बायका प्रसूतीसाठी, तापाने फणफणलेली लेकरे उपचारासाठी आणि सर्पदंश झालेला शेतकरी लसीसाठी खाली आणला जातो. डोंगराळ भागात रुग्णवाहिका मोजक्याच असतात. बेफाम उतरलेल्या गाडीतल्या चौघांना घेऊन त्यातली एखादी अमरावतीकडे गेली, तर ती परत येईपर्यंत कुठल्यातरी पाड्यावर कळा सोसणाऱ्या बाईला वाट पाहावी लागते.

तेव्हा निघण्यापूर्वी ब्रेक, टायर, वायपर तपासून घ्यावेत, मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा, जीपच्या टपावर किंवा मागे लटकून कोणी बसू नये. कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजेपर्यंत पोहोचणार, हे घरच्या एकाला सांगून ठेवावे. आणि ते सांगताना अंतर किलोमीटरमध्ये सांगू नये, तासांत सांगावे.