राजधानी बेटावर, माणसं काठावर

  हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐकलंत तरी चालेल. जमलं तर पोरांच्या दप्तरातला नकाशासंग्रह तेवढा जवळ घेऊन बसा.

आजचा विषय आम्हाला एका मुलीनं दिला. आपल्या काही वाड्या धरणाच्या पाण्यापलीकडे आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथल्या एका गटातल्या ताईंची लेक आठवीत शिकते आणि रोज लाँचनं शाळेत येते. गटाच्या बैठकीत ती आईशेजारी नकाशा घेऊन बसली होती. आफ्रिकेच्या पानावर बोट ठेवून तिनं आम्हाला विचारलं, “मॅडम, या देशाचं नाव जमिनीवर लिहिलंय आणि राजधानीचा ठिपका समुद्रात. मग यांच्या लोकांनाही कामाला लाँचनं जावं लागतं का?”

आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. मग आम्ही वाचलं, शोधलं, एकमेकींना सांगितलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

कुठे आहे हा देश?

देशाचं नाव इक्वेटोरियल गिनी. मराठीत विषुववृत्तीय गिनी असंही लिहितात. आफ्रिकेच्या नकाशात डावीकडचा वरचा भाग फुगलेला दिसतो. तो फुगवटा संपून किनारा एकदम खाली वळतो, तिथल्या खोबणीतल्या समुद्राला गिनीचं आखात म्हणतात. त्याच खोबणीत हा छोटासा देश आहे. क्षेत्रफळ सुमारे २८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागापेक्षा थोडं कमीच.

पण कोकण एकसंध आहे आणि हा देश तुकड्यातुकड्यांत आहे. सर्वांत मोठा तुकडा आफ्रिकेच्या जमिनीवर आहे. त्याचं नाव रिओ मुनी, क्षेत्रफळ सुमारे २६ हजार चौरस किलोमीटर. दुसरा तुकडा म्हणजे बिओको बेट, ते दोन हजार चौरस किलोमीटर. गोव्याच्या निम्म्याहून थोडं मोठं म्हणा. तिसरं आनोबोन नावाचं अगदी चिमुकलं बेट, अवघं १७ चौरस किलोमीटर. शिवाय किनाऱ्याजवळ कोरिस्को आणि आणखी काही लहान बेटं आहेत.

म्हणजे देशाची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन एकीकडे. दहांतली सातांहून जास्त माणसंही तिकडेच. आणि १९६८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा राजधानी ठरली ती बिओको बेटावरचं मलाबो शहर. तेव्हा त्याचं नाव सांता इसाबेल होतं.

आता नकाशावर बिओको नीट बघा. ते आपल्या देशाच्या किनाऱ्यापेक्षा शेजारच्या कॅमेरून देशाला जास्त जवळ आहे. कॅमेरूनचा किनारा तिथून तीसेक किलोमीटरवर आहे. उलट रिओ मुनीतलं सर्वांत मोठं शहर बाटा हे मलाबोपासून सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर लांब आहे. मध्ये सगळं पाणी. जायचं तर विमान नाहीतर जहाज.

बेट झालं कसं?

आपल्याकडे धरण भरलं तेव्हा काय झालं, ते आपल्या आजी-सासवांनी पाहिलंय. सखल जमीन पाण्याखाली गेली आणि उंच टेकडी मधोमध बेटासारखी उरली. बिओकोचंही असंच झालं. हजारो वर्षांपूर्वी पृथ्वीवर खूप बर्फ होतं, त्यामुळे समुद्राची पातळी खाली होती. तेव्हा बिओको आफ्रिकेच्या जमिनीला जोडलेलं होतं. पुढे बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी मधली सखल जमीन बुडाली. जे पाण्यावर उरलं ते बेट.

हे बेट ज्वालामुखींनी तयार झालेलं आहे. कॅमेरूनमधल्या डोंगरांपासून समुद्रात आनोबोनपर्यंत ज्वालामुखींची एक रांगच आहे, त्यातलं हे एक. बेटावरचं पिको बासिले हे शिखर सुमारे तीन हजार मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे जवळपास दुप्पट उंची झाली.

डोंगर उंच असला की पाऊस कसा अडतो, हे सह्याद्रीखाली राहणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको. तिथेही नैऋत्येकडून ओले वारे येतात आणि बेटाच्या दक्षिण टोकाला डोंगरावर आपटतात. त्या बाजूला उरेका नावाचं गाव आहे. तिथे वर्षाला दहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपली आंबोली पावसासाठी प्रसिद्ध, पण तिथला पाऊस साधारण सात हजारांचा. उरेकाच्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालायला येतात, आपल्या वेळासला येतात तशी. मलाबो मात्र बेटाच्या उत्तरेला, डोंगराच्या आडोशाला आहे. तिथे पाऊस पुष्कळच कमी. एवढ्याशा बेटावर एवढा फरक!

ज्वालामुखीची काळी माती आणि भरपूर पाऊस, त्यामुळे इथे कोकोचे मळे बहरले. चॉकलेट ज्या बियांपासून होतं तो हा कोको. एके काळी बेटाची सगळी कमाई त्यावरच होती आणि मळ्यांत राबायला नायजेरियातून हजारो मजूर आणले जात. बेटाचे मूळ रहिवासी म्हणजे बुबी लोक. त्यांची भाषा वेगळी, रीतभात वेगळी.

जमिनीवरचा तुकडा

आता पाण्यापलीकडे, रिओ मुनीत जाऊ. ‘रिओ’ म्हणजे नदी. गंमत अशी की मुनी ही नदी नाहीच! ती अनेक नद्यांचं पाणी घेऊन समुद्राला मिळणारी रुंद खाडी आहे. खरी मोठी नदी म्हणजे मधून वाहणारी म्बिनी. किनाऱ्याला सपाट पट्टी, मग टेकड्या आणि आत घनदाट जंगल. या जंगलात गोरिला आणि हत्ती आहेत. बिओकोवर ते नाहीत. जगातला सर्वांत मोठा बेडूक, गोलायथ बेडूक, तोही इथल्या आणि कॅमेरूनच्या ओढ्यांत सापडतो.

नकाशात या तुकड्याची पूर्वेची आणि दक्षिणेची हद्द बघा. फूटपट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ आहे. ना नदी, ना डोंगर. १९०० साली फ्रान्स आणि स्पेन यांनी पॅरिसमध्ये करार करून ही हद्द ठरवली. तिथे राहणाऱ्या फांग लोकांना कुणी विचारलं नाही. त्यामुळे फांग लोक आज या देशातही आहेत, कॅमेरून आणि गॅबोनमध्येही आहेत. देशात संख्येनं सर्वांत जास्त तेच.

इथल्या शेतीचा मोठा भार बायकांवर आहे. जंगलाचा तुकडा साफ करून त्या भुईमूग लावतात आणि कसावा लावतात. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो तोच कंद. आपल्याला तो एकादशीला लागतो, त्यांचं ते रोजचं जेवण.

आणि सर्वांत लांबचं आनोबोन

देशाचं नाव विषुववृत्तीय, पण विषुववृत्त याच्या जमिनीवरून कुठूनच जात नाही. रिओ मुनी आणि बिओको त्या रेषेच्या उत्तरेला आहेत आणि आनोबोन एकटं दक्षिणेला. रेषा जाते ती मधल्या समुद्रातून. मलाबोपासून आनोबोन साधारण ६७० किलोमीटर लांब आहे. वाटेत साओ टोमे आणि प्रिन्सिप हा बेटांचा दुसरा स्वतंत्र देशच लागतो! आनोबोनच्या लोकांची घरची भाषा पोर्तुगीजपासून घडलेली आहे. नावही पोर्तुगीजच, अर्थ ‘शुभ वर्ष’. पोर्तुगीज दर्यावर्दींनी ते नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पाहिलं म्हणून.

मग इतकी लांबलांबची ठिकाणं एका देशात आली कशी? १७७८ साली पोर्तुगालनं बिओको आणि आनोबोन ही बेटं आणि समोरच्या किनाऱ्यावरचे हक्क स्पेनला देऊन टाकले. पुढे स्पेननं सगळ्याचा कारभार एकत्र केला. म्हणूनच स्पॅनिश ही राजभाषा असलेला आफ्रिकेतला हा एकच स्वतंत्र देश. १२ ऑक्टोबर १९६८ला स्वातंत्र्य आलं. त्याआधीच्या वाटाघाटींत बेटावरच्या काही बुबी पुढाऱ्यांनी आम्हाला वेगळं ठेवा असं म्हटलं होतं. ते झालं नाही. एकाच घरात नांदायचं ठरलं.

पैसा कुठे, माणसं कुठे

१९९० नंतर या घराला लॉटरी लागली. बिओकोजवळच्या समुद्रात आधी वायू निघू लागला आणि १९९५ साली तेलाचा मोठा साठा सापडला. काही वर्षांतच हा देश दरडोई उत्पन्नात आफ्रिकेतल्या वरच्या देशांत जाऊन बसला.

दरडोई उत्पन्न म्हणजे काय, ते आपण गटाच्या वहीवरून समजून घेऊ. समजा एका गटात दहा जणी आहेत. नऊ जणींकडे शंभर-शंभर रुपये आणि एकीकडे ९,१०० रुपये. एकूण झाले दहा हजार. सरासरी काढली तर प्रत्येकीकडे हजार रुपये! कागदावर गट खाऊनपिऊन सुखी. प्रत्यक्षात नऊ जणींच्या पदराला शंभराचीच गाठ. या देशाचं असंच झालं. तेलाची भरभराट चालू असतानाच, २००६ साली झालेल्या पाहणीत चार माणसांतली तीन गरिबीत असल्याचं दिसलं. १९७९ पासून तिथे एकच राष्ट्राध्यक्ष आहेत, तेओदोरो ओबियांग. हिशेब मागणं सोपं नाही.

पैसा काठावर मुळीच आला नाही असं नाही. रिओ मुनीत पक्के रस्ते झाले, पूल झाले, बाटा शहर वाढलं. जंगलात सिउदाद दे ला पाझ, म्हणजे शांतिनगर, नावाचं नवं शहर राजधानीसाठी बांधायला घेतलं. राजधानी जमिनीवर, देशाच्या जास्त माणसांजवळ असावी, हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण ज्या गावात नळाला पाणी नाही तिथली बाई विचारणारच, की आधी काय हवं होतं, रुंद मोकळे रस्ते की पाणी?

आनोबोनचं तर आणखी अवघड. २०२४ साली तिथल्या लोकांनी सरकारला पत्र लिहिलं, की खाणकामाच्या सुरुंगांनी आमची घरं आणि शेतं खराब होतायत. त्यानंतर अनेकांना अटक झाली आणि बेटाचं इंटरनेट बंद पडलं. इतक्या लांबून आवाज पोचवायचा एकच धागा होता, तोही तुटला.

मग त्या मुलीला काय सांगितलं?

आम्ही तिला सांगितलं, हो बाळा, त्यांनाही पाणी ओलांडावं लागतं आणि तुझ्या पाण्यापेक्षा ते खूप मोठं आहे. आणि आम्ही तिला नकाशाला विचारायचे तीन प्रश्न दिले. माणसं कुठे राहतात? पैसा कुठे निघतो? कचेरी कुठे आहे? ही तीन ठिकाणं जवळजवळ असली तर कारभाराला निदान सोपं जातं. ती लांबलांब असली, तर मधलं अंतर कोण चालतं ते बघायचं. बहुतेक वेळा ज्याची गरज मोठी, तोच चालतो.

तेव्हा तिची आई म्हणाली, “मॅडम, मग आपल्या गटाची बैठक कायम याच काठाला का?”

मैत्रिणींनो, आम्ही गप्प झालो. सहा वर्षं पलीकडच्या बायका लाँचची वाट बघत, मजुरी बुडवून इकडे येत होत्या. दोन-तीन जणींनी गट सोडला, तेव्हा आमच्या वहीत आम्ही ‘अनियमित’ असा शेरा मारला होता. आम्हाला पलीकडे जायला काय झालं होतं, हा प्रश्न आमच्या मनात आलाच नव्हता.

गेल्या महिन्यापासून एक बैठक इकडे आणि एक तिकडे, असं ठरवलंय. पहिल्या खेपेला आम्ही लाँचमध्ये बसलो, वह्या आणि पैशांची पेटी मांडीवर घेऊन. वारा होता, आमच्यातल्या दोघींना मळमळलं. काठावर सतरा जणी उभ्या होत्या. त्यांत गट सोडलेली एक ताईही होती.

आता तुम्ही एक करा. आज रात्री नकाशात इक्वेटोरियल गिनी शोधा आणि तुमच्या मुलांना मलाबो दाखवायला सांगा. मग आपल्या गावाचा नकाशा वहीच्या मागच्या पानावर काढा. रेशनचं दुकान, दवाखाना, बँक, पाण्याची टाकी आणि सर्वांत लांबची वस्ती त्यात मांडा. तुमच्या नकाशात कोण कुठलं पाणी ओलांडतंय ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात ती पत्रं वाचू. तोवर नमस्कार.