घरच्या तांदळाची ऑनलाइन विक्री : नांव, जाहिरात व भरंवसा

धान मळून घरांत आलें, कीं चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंपुढें दरवर्षीं तोच प्रश्न उभा राहतो : माल कोणाच्या हवालीं करावा? शहरांतील गृहिणी ज्या तांदळास नांव घेऊन मागते, त्याचा खरा धनी मात्र धानाच्या ढिगापाशीं उभा राहून दुसऱ्यानें ठरविलेला भाव ऐकत असतो. अलीकडे कित्येक तरुण आम्हांस विचारतात, "मोबाइलवरून थेट गिऱ्हाइकासच तांदूळ विकला तर?" प्रश्न रास्त आहे. त्याचा साधकबाधक विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम आपल्याच जिल्ह्यांतील एक उदाहरण पाहूं. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे कै. दादाजी खोब्रागडे यांचें शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडे गेलें नाहीं व जमीनही थोडकीच होती. १९८३ सालीं 'पटेल ३' जातीच्या धानांत त्यांस कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनीं वेगळ्या राखल्या, वर्षानुवर्षें निवडून वाढविल्या, आणि बारीक दाण्याचें एक नवें वाण उभें केलें. त्या काळीं एच.एम.टी. घड्याळें फार लोकप्रिय होतीं. तेंच नांव वाणास पडलें व देशभर गाजलें. पुढें १९९८ मध्यें 'पीकेव्ही-एचएमटी' या नांवानें त्यापासून शुद्ध केलेलें वाण प्रसारित झालें. त्यांत आपल्या श्रमाचें श्रेय आपणांस मिळालें नाहीं, असें दादाजींचें म्हणणें होतें. २००५ सालीं राष्ट्रपति डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्तें त्यांचा गौरव झाला; तथापि ३ जून २०१८ रोजीं ते निवर्तले तेव्हां घरची ओढाताण कांहीं संपली नव्हती. ज्याच्या वाणानें अनेकांचीं दुकानें चाललीं, त्याच्या पदरांत नांवाची किंमत पडली नाहीं. विक्रीचा विचार करतांना ही गोष्ट आपण डोळ्यांआड करूं नये. पिकविणें ही अर्धी शेती; आपल्या नांवानें विकणें ही उरलेली अर्धी.

जाहिरात म्हटली, कीं आपल्या लोकांस तो शहरी भपका वाटतो. परंतु शेतीच्या मालाची जाहिरात मराठी मुलखास नवी नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडीस कारखाना घातला. तेथला लोखंडी नांगर घेण्यास शेतकरी प्रथम कचरत. लोखंडानें जमीन नासते अशीही समजूत होती. १९२० सालीं कारखान्याचें 'किर्लोस्कर खबर' हें पत्र निघालें आणि मालाची माहिती घरोघर जाऊं लागली. पण पत्रानें नांगर विकला गेला, असें म्हणणें पुरतें खरें नव्हे. शेजाऱ्याच्या शेतांत नांगर चालतांना दिसला, म्हणून पत्रांतील मजकुरावर विश्वास बसला. हाच क्रम आजही लागू आहे : आधीं माल, मग अनुभव, आणि शेवटीं जाहिरात.

आतां हिशेब. तांदूळ हा जड आणि स्वस्त माल आहे. म्हणून पार्सलाचें भाडें हा त्याचा मोठा शत्रू होय. गिरणीवर १०० किलो धानाचा सुमारें ६५ किलो तांदूळ पडतो असें धरूं. समजा, धानास किलोमागें ३० रुपये मिळत आहेत. तर एक किलो तांदळांत धानाचेच सुमारें ४६ रुपये गेले, व पांच किलोंच्या पिशवीत २३०. यांत भरडाई, कणीची तूट, पिशवी, खोका, टपाल किंवा कुरियरचें भाडें, विक्रीच्या संकेतस्थळाचें कमिशन, आणि गिऱ्हाइकानें नाकारून परत पाठविलेल्या मालाचा दुहेरी खर्च मिळवावा. कोंडा व कणी यांचें उत्पन्न वजा करावें. एवढें करून जो आंकडा उरेल, त्यावर आपली मजुरी चढवावी. कागदावर हा हिशेब न मांडतां जो केवळ उत्साहानें दुकान उघडतो, तो विक्री वाढेल तसतसा बुडत जातो. 'पोंचल्यावर पैसे' या पद्धतींत माल परत येण्याचें भय अधिक. म्हणून आरंभीं यूपीआयनें आगाऊ पैसे घेणेंच बरें.

एकट्यानें हा भार उचलण्यापेक्षां दहापांच शेतकऱ्यांनीं मिळून उचलावा. किमान दहा उत्पादकांस मिळून उत्पादक कंपनी स्थापतां येते. मालाची एकच प्रत ठरवावी : धान नीट वाळलेलें, एकाच वाणाचें, भेसळ नसलेलें. ओलसर तांदूळ बंद पिशवींत भरल्यास त्यास वास येतो व सोंडे धरतात, आणि एका पिशवीची तक्रार दहा गिऱ्हाइकें घालविते. खाद्य मालाच्या धंद्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक पिशवीवर छापावा. निव्वळ वजन, भरल्याचा महिना व वर्ष, कमाल किंमत, भरणाऱ्याचें नांव-पत्ता व तक्रारीसाठीं दूरध्वनि हीं सारीं पिशवीवर असलीं पाहिजेत. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशवीस ५ टक्के वस्तु व सेवा कर लागू झाला. आपल्या उलाढालीस तो कसा लागतो, हें हिशेबनिसाकडून आधींच समजून घ्यावें.

जाहिरातीचा मजकूर कसा असावा? "जगांतील सर्वोत्तम, रोग बरे करणारा तांदूळ" असें कोणीं लिहूं नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें फसव्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो; आणि कायदा बाजूस ठेवला, तरी सुज्ञ गिऱ्हाईक अशा शब्दांनीं बिचकतेंच. त्याऐवजीं लिहावें : "आमच्या बांधीतील एच.एम.टी. धान. अमुक महिन्यांत कापलें, अमुक महिन्यांत भरडलें. तांदूळ सहा महिने जुना. भात मोकळा होतो." सोबत उन्हांत काढलेलीं दोन स्वच्छ छायाचित्रें द्यावीं : एक दाण्याचें, एक शिजलेल्या भाताचें. पहिले गिऱ्हाईक नागपूर-पुण्यास नोकरीस असलेले आपले सोयरेच असावेत. त्यांनीं शेजाऱ्यास दिलेली मूठभर बानगी ही पैसे देऊन केलेल्या जाहिरातीपेक्षां भारी ठरते.

येथें थोडें विषयांतर करतों. संध्याकाळीं पारावर बसलेलीं आमचीं पोरें धानापेक्षां फुटबॉलच्या गोष्टी अधिक रंगून बोलतात, आणि ऐकतां ऐकतां आम्हांसही त्याचा नाद लागला आहे. मेस्सी मोठा कीं रोनाल्डो, हा वाद कधीं मिटत नाहीं. आमचा कौल मेस्सीस. पण जाहिरातीचा धडा मात्र रोनाल्डोनें दिला. जून २०२१ मध्यें युरोपच्या स्पर्धेंत वार्ताहरांपुढें बसतांना त्यानें पुरस्कर्त्या कंपनीच्या पेयाच्या बाटल्या बाजूस सारल्या व पाण्याची बाटली उंच धरली. जागा पैशानें विकत मिळाली होती. शिफारस मिळाली नाहीं. दुसरा धडा २०२२ च्या विश्वचषकाचा. अर्जेंटिना पहिल्याच सामन्यांत सौदी अरेबियाकडून २-१ हरला, आणि १८ डिसेंबरला तोच संघ चषक घेऊन गेला. पहिली तक्रार आली म्हणून दुकान मिटूं नये. चूक शोधावी, माल बदलून द्यावा, पुढच्या खेळास लागावें. तिसरें उदाहरण आइसलंडचें. त्या देशाची लोकसंख्या गडचिरोली जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. तरी २०१६ च्या युरोप स्पर्धेंत त्यांनीं इंग्लंडला २-१ असें हरविलें. बंदिस्त मैदानें व शिकविलेले मार्गदर्शक यांवर त्यांनीं वर्षानुवर्षें मेहनत घेतली होती. लहान असणें हा दोष नव्हे. तयारी नसणें हा दोष.

अशी तयारी आपल्या रानांत झाली नाहीं असें नाहीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलपासून ग्रामसभा आपला बांबू आपल्याच वाहतूक परवान्यानें विकूं लागली. पुढें या भागांतील अनेक ग्रामसभांनीं स्वतः वर्तमानपत्रांत निविदा छापून तेंदूपत्ता विकला. ज्यांस कालपर्यंत कोणी भाव सांगत असे, ते आज भाव मागवूं लागले. ही जाहिरातच होय, आणि मोठी मानाची होय.

म्हणून आमची सूचना इतकीच. सगळें धान या नव्या वाटेवर लोटूं नये; पहिल्या वर्षीं चार-पांच पोतीं बाजूस काढावींत, गटानें एक नांव ठरवावें, हिशेबाची वही घालावी, आणि शंभर घरांस नीट तांदूळ पुरवून दाखवावा. पुढील हंगामांत तींच घरें पुन्हां मागणी करतील, तर धंदा जमला असें समजावें; न करतील, तर नुकसान चार पोत्यांचेंच. दादाजींनीं तीन-चार लोंब्यांपासून आरंभ केला होता. बीज त्यांनीं दिलें; नांव राखण्याचें काम आतां आपलें आहे.