कोथिंबीर स्वस्त आहे तोवर



थंडीच्या दिवसांत आठवडी बाजार उठायच्या वेळेला कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग तसेच पडून असतात. विकायला आलेली बाई परतीच्या भाड्याचा हिशेब करते आणि शेवटी जुड्या गुरांपुढे टाकते. तीच कोथिंबीर पावसाळ्यात इतकी महागते की आपण चार काड्या मोजून घालतो. मग स्वस्त असतानाच तिचं वाटण करून ठेवलं तर? शेतातून दिवेलागणीला घरी येणाऱ्या बाईचा रोजचा निवडण्या-सोलण्याचा वेळही वाचेल.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तिसऱ्याच दिवशी वाटण आंबलं. बरणी उघडली तर वर फेस. चूक साधीच होती. कोथिंबीर धुऊन ओलीच मिक्सरला लावली आणि नीट फिरावं म्हणून वरून अर्धी वाटी पाणी ओतलं. आज जे सांगणार आहे ते या पाण्याबद्दलच आहे.

वाटण नासवणारे जंतू पाण्याशिवाय वाढत नाहीत. म्हणून पहिलं काम म्हणजे ओलावा कमी करणं. मीठ हे काम दोन प्रकारे करतं. ते पानातलं पाणी ओढून घेतं आणि उरलेलं पाणी इतकं खारट करतं की जंतूंना ते वापरता येत नाही. लिंबाचा आंबटपणाही त्यांना वाढू देत नाही.

आता प्रमाण ऐका. निवडलेली कोथिंबीर 250 ग्रॅम, सोललेला लसूण 100 ग्रॅम, आलं 50 ग्रॅम, हिरव्या मिरच्या 50 ग्रॅम, मीठ 50 ग्रॅम आणि दोन लिंबांचा रस. आवडत असेल तर मूठभर कढीपत्ता घाला. कोथिंबिरीचे कोवळे देठ टाकू नका, त्यांना चांगला वास असतो.

धुताना एक लक्षात ठेवा. जुडी पाण्यात बुडवून हलवली की माती खाली बसते. तेव्हा भांडं उपडं करू नका, नाहीतर तीच माती परत पाल्याला लागते. कोथिंबीर हाताने वर उचलून घ्या आणि पाणी बदला. असं तीनदा करा. मग धुवट सुती कापडावर सावलीत पसरा. पान हाताला कोरडं लागेपर्यंत थांबा, पण कोमेजू देऊ नका. आलं, मिरच्याही पुसून घ्या.

आधी लसूण, आलं, मिरच्या आणि मीठ जाडसर वाटा. मिठामुळे त्यांना रस सुटतो, त्यातच कोथिंबीर आणि लिंबाचा रस घाला. पाणी नको. मिक्सर थांबून थांबून फिरवा. तो तापला की वाटणाचा वास उडतो आणि रंग काळपट होतो. पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच.

हे वाटण कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं तर आठ-दहा दिवस चांगलं राहतं. बर्फाच्या कप्प्यात दोन-तीन महिने टिकतं. मिठामुळे ते दगडासारखं घट्ट होत नाही, चमच्याने काढता येतं. काढताना चमचा मात्र कोरडाच हवा.

आता ज्यांच्याकडे फ्रिज नाही, त्यांच्यासाठी हिरवं मीठ. उत्तराखंडातल्या डोंगरी गावांत बाया पाट्यावर लसूण, मिरची, हिरवा पाला मिठासोबत वाटतात. त्याला तिथे पिस्यूं लूण म्हणतात. आपल्याला टिकवायचं आहे, म्हणून आपण मीठ भरपूर घेऊ. कोथिंबीर 150 ग्रॅम, लसूण 50 ग्रॅम, मिरच्या 30 ग्रॅम, आलं 20 ग्रॅम, म्हणजे झाले 250 ग्रॅम. मीठही 250 ग्रॅम. लिंबू घालू नका. वाटून ताटात पातळ पसरा, वर मलमलचं कापड टाका आणि वाऱ्याच्या जागी सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. उन्हात रंग उडतो. दिवसातून दोनदा हलवा, रात्री दव पडायच्या आत घरात घ्या. हाताने चुरल्यावर मोकळं झालं, बोटांना चिकटलं नाही, की घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. कोरडं राहिलं तर पावसाळ्यापर्यंत पुरतं. आमटीत, ताकात, भाकरीबरोबर, कुठेही घाला.

आता दोन गोष्टी सावधगिरीच्या.

पहिली तेलाची. मीठ कमी घालायचं, वर तेलाचा थर द्यायचा आणि बरणी फडताळात ठेवायची, असं काहीजणी करतात. हे करू नका. लसूण आणि कोथिंबीर मातीतून येतात. मातीत एक असा जंतू असतो, जो हवा नसलेल्या जागीच वाढतो आणि विष तयार करतो. तेलाखाली त्याला तशी जागा मिळते. या विषबाधेला बॉट्युलिझम म्हणतात, तिने जीव जाऊ शकतो. वाईट म्हणजे वाटणाला वास येत नाही, चवही बदलत नाही. म्हणून तेलातलं ओलं वाटण फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

दुसरी गोष्ट मिठाची. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. हिरवं मीठ हे बहुतेक मीठच आहे. ते घातलं की वेगळं मीठ घालू नका. वाटण घातलं असेल तर चव घेऊन मगच घाला. घरात कुणाला रक्तदाब असेल तर त्यांच्या भाजीत ताजी कोथिंबीर आणि लसूणच बरा.

बचत गटातून विकायचा विचार असेल तर हिरव्या मिठापासून सुरुवात करा, कारण ते वाहून न्यायला सोपं असतं. एफएसएसएआयची नोंदणी लागते. पाकिटावर जिन्नस, वजन आणि बनवल्याची तारीख लिहा. आधी थोडं करा, महिनाभर आपल्याच घरात ठेवून बघा. आपल्या बरणीत टिकलं, तरच दुसरीला द्या.

येत्या बाजारी दोन जुड्या जास्त घ्या. बाजार उठताना घेतल्या तर त्या विकणारीचंही भाडं सुटेल.