दात आणि गोष्ट

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हैस विकायला आणलेला माणूस गप्प उभा राहत नाही. म्हैस दुसऱ्या वेताची आहे, पोरांच्या अंगाखांद्यावर वाढलीय, लाथ कशी मारतात ते तिला ठाऊक नाही, आणि विकायची वेळ आली ती फक्त लेकीच्या लग्नापायी. गिऱ्हाईक हुंकार देत ऐकतं. ऐकता ऐकता म्हशीचा ओठ उचलून दात बघतं, कास चाचपतं, धार काढून पाहतं. मग उपरण्याखाली बोटं दाबली जातात आणि भाव ठरतो. नुसत्या गोष्टीवर जनावर घेणारा फसतो, हे उघड आहे. पण नुसते दात मोजणाराही अर्धाच शहाणा. दातांवरून वय कळतं. ही म्हैस घरच्या बाईला धार काढू देईल का, ते गोष्टीतूनच काढून घ्यावं लागतं.

ललित आणि ललितेतर, कथापट आणि माहितीपट यांची तुलना करायला बसलं की मला हा बाजार आठवतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण कथा आणि लेख एकाच वेष्टनात वाचत आलो आहोत. अनुक्रमणिकेत त्यांची घरं वेगळी असतात. पण कथा म्हणजे खोटं आणि लेख म्हणजे खरं, ही वाटणी सोयीची असली तरी टिकत नाही. ती कुठे मोडते, हे बघायला घोडेगावाहून फार लांब जावं लागत नाही.

नेवासे आमच्याच तालुक्याचं गाव. तिथल्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ही श्रद्धा. आणि त्या महाकाव्याच्या शेवटी जे आहे, ती चक्क नोंद आहे : ठिकाण कोणतं, राज्य रामदेवराव यादवाचं, शक 1212, म्हणजे इसवी सन 1290, आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. उपमा-दृष्टांतांचा एवढा महापूर ओसरल्यावर कवी तलाठ्यासारखा स्थळ-काळ लिहून मोकळा होतो. साडेसहाशे वर्षांनी, 1940 मध्ये, दामले-फत्तेलाल यांनी ‘प्रभात’साठी ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. त्यात पैठणचा रेडा वेद बोलतो, भिंत चालते. ज्ञानेश्वरांच्या भूमिकेत शाहू मोडक होते, नगरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेले. पडद्यावरचा चमत्कार कॅमेऱ्याच्या युक्तीचा. पण ख्रिस्ती घरातल्या माणसाला लाखो वारकऱ्यांनी आपली माऊली म्हणून मनात बसवलं, तो चमत्कार मात्र पुराव्यानिशी घडलेला आहे.

याच नेवाशात 1954 ते 1956 या काळात ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या घरांच्या जमिनीखाली मातीच्या कुंभांत पुरलेली लहान मुलं सापडली. सांकळियांच्या अहवालात मोजमापं आहेत, थरांचे क्रमांक आहेत, खापरांची वर्णनं आहेत. शोक कुठेच नाही, आणि तो नसणंच योग्य. पण आपलं मूल गावाबाहेर न नेता पायाखालच्या जमिनीत ठेवणारी आई त्या मोजमापांमधून वर येतेच. अहवाल तिच्याबद्दल एक शब्दही बोलू शकत नाही. तिथून पुढचं काम कथेचं.

आता पुस्तकांकडे येऊ. घोडेगावच्या शेजारच्या राहुरीत लक्ष्मीबाई टिळकांनी संसाराची काही वर्षं काढली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये आला. आत्मचरित्र म्हणून आपण ते वाचतो. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची नवरा-बायकोची भांडणं त्यात शब्दाशब्दांसह आहेत. ते संवाद तेव्हा कोणी टिपून ठेवले होते? अर्थातच नाही. लक्ष्मीबाईंनी ते आठवणीतून पुन्हा बोलते केले, कथाकारानं करावेत तसे. तरी आपण त्यांना खोटं म्हणत नाही, कारण स्वतःची फजिती सांगताना त्या हात आखडता घेत नाहीत. ललितेतर लेखनातला विश्वास असा कमावला जातो : लेखक स्वतःला किती सवलत देतो, यावर वाचकाची नजर असते.

अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये आलं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार नावाच्या लेखकाला सांगतो. दोघं एकच. आत्मकथनाला ही कादंबरीची युक्ती कशाला हवी होती? कारण शिकून शहरात स्थिरावलेला माणूस आणि महारवाड्यातला पोर यांच्यात पडलेलं अंतर हाच त्या जगण्यातला सर्वांत खरा तपशील होता, आणि एकेरी ‘मी’मध्ये तो मावत नव्हता. याच्या उलटी गंमत नगर जिल्ह्यातलेच कादंबरीकार रंगनाथ पठारे यांनी 2019 मध्ये केली. त्यांच्या कादंबरीचं नाव ‘सातपाटील कुलवृत्तांत’. कुलवृत्तांत म्हणजे घराण्याची वंशावळ, नोंदी, पुरावे. पठाऱ्यांनी तो अंगरखा कादंबरीला चढवला. इतिहासात ज्यांच्या नोंदी राहिल्याच नाहीत, त्यांची वंशावळ कल्पनेनंच भरून काढावी लागते. आत्मकथनानं कथेचा वेश घेतला, कादंबरीनं दप्तराचा.

सिनेमात ही देवघेव पहिल्या दिवसापासून आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा. पण त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली आणि ती छोटी फिल्म दाखवून भांडवल मिळवलं. आपल्या कथापटाला जामीन राहिला तो एक माहितीपट.

अलीकडची सर्वांत बोलकी जोडी शाहिरांची आहे. मुंबईत रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी पोलिस गोळीबारात 10 माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी त्या धाग्यामागे 14 वर्षं कॅमेरा फिरवला आणि 2011 मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) नारायण कांबळे नावाच्या शाहिरावर खटला चालतो : त्याच्या गाण्यामुळे म्हणे एका सफाई कामगारानं जीव दिला. हा शाहीर कल्पित, खटला कल्पित. पण भूमिका केलेले वीरा साथीदार आयुष्यभर चळवळीत राहिलेले, आणि कॅमेरा असा दूर, निवांत ठेवलेला की प्रेक्षकाला आपण खऱ्या कोर्टाच्या मागच्या बाकावर बसलोय असं वाटतं. पटवर्धन दाखवतात की हे घडलं. ताम्हाणे दाखवतात की हे रोज कसं घडतं : तारखा पडतात, वकील डबा खातात, आरोपी म्हातारा होत जातो. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात सिनेमा शिकलेल्या नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आणि भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ याच वाटेनं जातात.

मग फरक उरतो कुठे? माझ्या मते जबाबदारीत. ललितेतर लेखक आणि माहितीपटकार प्रत्येक तपशिलाला बांधील असतो. एक तारीख मुद्दाम खोटी निघाली की सगळं पुस्तक पडतं. कादंबरीकाराला तारखा माफ असतात. त्याला जाब विचारायचा तो माणसांबद्दल : हा माणूस असा वागेल का?

वास्तवाला मात्र पटण्याची गरज नसते. घोडेगावाशेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची प्रथा आहे, आणि 2011 मध्ये तिथे एका बँकेनं बिनकुलपाची शाखा उघडली. एखाद्यानं हे कथेत लिहिलं तर संपादक समासात ‘अतिशयोक्ती’ असा शेरा मारून परत पाठवेल. बातमीत तेच बिनबोभाट छापून येतं.

घोळ होतो तो एकाच्या मापानं दुसऱ्याला मोजलं की. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ वाचून कोणी भाऊसाहेबांचं मन जाणल्याचा आनंद घेतला तर ठीक. तीच कादंबरी इतिहासाच्या वादात पुरावा म्हणून पुढे केली की इतिहासकार शेजवलकरांचा ‘पानिपत : 1761’ हा ग्रंथ मुकाट्यानं कपाटात राहतो. आणि ‘बलुतं’ला नुसतं ‘प्रभावी साहित्य’ म्हणून गौरवलं की त्यातली साक्ष बिनबोभाट बाजूला पडते. दोन्हीकडे वाचक स्वतःला सोयीचं तेवढंच घेतो.

बाजार उठायच्या वेळेला म्हैस नव्या मालकाच्या दोरीला लागलेली असते. दात मोजून झालेले, पैसे चुकते झालेले. तरी जुना मालक चार पावलं मागून जातो आणि तिला कुठल्या हाकेची सवय आहे ते सांगतो. पावतीवर ते येत नाही. नवा मालक मात्र ते नीट ऐकून घेतो, कारण उद्या पहाटे धारेला बसल्यावर त्याला तेच लागणार असतं.