घाटकोपरचे कथागायक शाहीर

स्वतः गीत रचून त्यातून कथा सांगणारा गायक म्हणून अमेरिकी लोकसंगीतात वुडी गथ्री ओळखला जातो. घाटकोपरच्या चिरागनगर वस्तीत अनेक वर्षे राहिलेले अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) हे त्याच परंपरेचे, किंबहुना अधिक व्यापक प्रतिभेचे शाहीर होत. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या कुळातील ठसकेबाज रचना, गावी राहिलेल्या पत्नीच्या विरहापासून सुरू होते, मुंबईतील श्रमिकांचे जिणे सांगते आणि अखेरीस महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव, कारवारच्या दुःखाशी येऊन मिळते. खासगी विरहाला राजकीय अर्थ देणारी इतकी समर्थ रचना मराठीत दुर्मीळच. उपनगरांतील लोकसंगीताच्या मैफलींत ती आवर्जून गायली जावी.